शेवटची जुडी

नवी कादंबरी हातात आली की इंदूताई निकम आधी कात्री घ्यायच्या. पुठ्ठा सोडवायचा, पाठीवरचा डिंक ओल्या फडक्यानं नरम करायचा, दोरे कापायचे आणि पुस्तकाच्या जुड्या सुट्या करायच्या. छापील पुस्तकात सोळा-सोळा पानांच्या जुड्या एकावर एक ठेवून शिवलेल्या असतात, हे मला शाळेत नव्हे, त्यांच्या शिवणक्लासात कळलं. मग प्रत्येक जुडीला ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्याचं कव्हर, मधोमध दोन टाके आणि कोपऱ्यात रेशमी दोऱ्याच्या गाठी. पहिल्या जुडीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा आठवीपर्यंत. पुस्तकाचं नाव कुठंच नाही. मी नवीन होते तेव्हा न राहवून विचारलं, "ताई, चांगलं पुस्तक का फाडता?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "फाडत नाही गं शोभा, उसवते."

कारण अगदी व्यवहारी होतं. क्लासात आम्ही आठ-नऊ मुली आणि पुस्तक एक. आख्खं पुस्तक एकीनं घरी नेलं की बाकीच्या आठवडाभर तिच्यावर डोळे वटारून बसणार. जुड्या केल्या की सगळ्यांचं वाचन एकदम चालू. एकीची पहिली झाली की ती दुसरी घेणार, मागची पहिली उचलणार. मला ही पद्धत फार आवडली. पुढे मी जी जी कामं वाटून घेतली आणि वाटून दिली, त्यांत इंदूताईंची ही शिस्त होती.

हे एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराचं. आम्ही एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचो. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर राखेचा बारीक थर बसायचा आणि तो झटकूनच कपडा घडी करायचा, ही आमच्याकडची पद्धत. इंदूताई मूळच्या सटाण्याकडच्या. नवरा लवकर गेला, मुलगा केंद्रात लागला, त्याच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्यांनी दोन मशीन मांडली आणि दुपारचा क्लास सुरू केला. बोलायच्या शुद्ध, पण घाबरल्या की अहिराणी बाहेर यायची. अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत.

क्लासाचे नियम तीन. जुडी शिवणाच्या डब्यातूनच न्यायची आणि आणायची. पुढचं काय होतं ते मागचीला सांगायचं नाही. "पुढचं सांगशील तर आख्खा परकर उसवायला लावीन" ही धमकी एकदा खरी झालेली मी पाहिली आहे. आणि शेवटची जुडी कुणीच घरी न्यायची नाही. सगळ्यांच्या सात जुड्या झाल्या की एक दुपार ठरायची, एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी हेमिंग घालत ऐकायचं. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. शेवट त्याही आमच्याबरोबरच ऐकायच्या.

पुस्तकं आणायच्या नाशिकरोडला, स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून. निवड करताना एकच प्रश्न: "यात कुणी मरतं का?" तो नाही म्हणाला की पुस्तक पिशवीत. एकदा त्यानं फसवलं, शेवटी नायिकेला क्षय निघाला. इंदूताईंनी ती कादंबरी पुन्हा शिवून त्याला परत नेऊन दिली. "रडायला घर आहे की," त्या म्हणाल्या, "त्यासाठी पुस्तक कशाला?"

त्या गोष्टी कसल्या होत्या ते सांगायला हवं. मुलीची बस चुकते. पावसात कुणी तरी उद्धटपणे छत्री पुढे करतो. तो पुढच्याच आठवड्यात तिच्या ऑफिसात साहेब म्हणून येतो. मग गैरसमज, मग एक खोचक आत्येबहीण, मग महाबळेश्वर. आम्हाला हे सगळं खोटं आहे हे चांगलं ठाऊक होतं. आमच्या कॉलनीत छत्री पुढे करणारा मुलगा दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी भावाच्या हातचा मार खायचा. पण पाठ्यपुस्तकातल्या धड्यांत बायका फक्त त्याग करायच्या, आणि घरी आमच्याविषयी बोलणं निघालं की ते स्थळांचंच असायचं. या पुस्तकांत सोळा-सतरा-अठराच्या मुलीला कुणी तरी विचारायचं, तुला काय वाटतं? ती रागावायची आणि तिचा राग ऐकून घेतला जायचा. शेवट गोड होणार याची खात्री असल्यामुळे मधल्या सगळ्या भांडणांची मजा घेता यायची. कुणाची आई कुरकुरली की इंदूताई म्हणायच्या, "दिवसभर खरंच बघतात ना पोरी? मग तासभर खोटं चालतं. टाकाही सरळ येतो."

आमच्यात वंदना पगारे सगळ्यांत हुशार. तिचे वडील केंद्रात ऑपरेटर होते. कॉलनीत त्यांच्या शब्दाला मान होता. विहाराचं काम असो की पाण्याची तक्रार, लोक पगारेकाकांकडे जायचे. ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारच्या म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायचे. त्या वर्षी वंदनाला नाशिकच्या अध्यापिका विद्यालयात, मुलींच्या वसतिगृहासकट, प्रवेश मिळाला. त्यांच्या घराण्यात शिक्षिका होणारी ती पहिली. काकांनी त्या पत्राची घडी खिशात घालून सगळ्या कॉलनीला दाखवली. येत्या सोमवारी वडिलांनी सोबत येऊन सही करायची, नाहीतर जागा पुढच्या मुलीला, असं त्यात स्पष्ट होतं.

त्याच आठवड्यात वंदना क्लासला आली नाही. पाचवी जुडी तिच्याकडे होती आणि माझी चौथी वाचून झाली होती, म्हणून शनिवारी सकाळी मी ती मागायला त्यांच्या घरी गेले. दार तिच्या आईनं उघडलं, तेही अर्धंच. मला बाजूला घेऊन तिनं दबक्या आवाजात सांगितलं ते असं. वसतिगृहात न्यायची पेटी काका तेल घालून साफ करत होते. पेटीच्या तळाशी, घडीच्या साडीखाली, त्यांना कापडात शिवलेली जुडी सापडली. पाचव्या जुडीत नेमकी नायिका वडिलांशी भांडून, रात्रीच्या बसनं, एका परक्या मुलाबरोबर घर सोडते. त्यांनी तिथंच उभं राहून सगळी वाचली. मग वंदनाला विचारलं, हे कोण देतं. तिनं क्लासाचं नाव घेतलं नाही, कारण काका एक शब्द बोलले असते तर क्लास बंद झाला असता. ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ काकांनी वेगळाच लावला, की हिलाही कुणी तरी असंच घरातून न्यायला निघालंय. वसतिगृह नाही, म्हणाले. पेटी माळ्यावर गेली. "दोन दिस झाले, जेवला नाय त्यो माणूस धड," तिची आई म्हणाली. "पोरगी बी नाय."

मी तशीच इंदूताईंकडे गेले आणि क्रमानं सगळं सांगितलं. "आते काय व्हई?" एवढंच म्हणाल्या आणि मशीनच्या पाटीवर हात ठेवून बसून राहिल्या. मी म्हटलं, आपण नुसतं सांगू की ते साधं पुस्तक आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "नाव नाही, पुठ्ठा नाही, कापडात गुंडाळलेलं. मी बाप असते तर मी काय समजले असते?" मग उठल्या, तोंड धुतलं आणि कपाटातून आठ गाठींची जुडी काढून पिशवीत टाकली. काकांची केंद्रातली पहिली पाळी सुटायची वाट पाहिली आणि मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. एकटीचे पाय उचलायचे नाहीत."

पगारेकाका आंघोळ करून बसले होते. आमचं येणं त्यांना आवडलं नाही हे दिसत होतं, तरी त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी द्यायला सांगितलं. त्यांचं ते नीट वागणं मला ओरडण्यापेक्षा जड गेलं. जुडी रेडिओवर ठेवलेली होती. त्यांनी ती उचलून ताईंसमोर धरली.

"हे तुमच्याकडचं?"

"माझ्याकडचं. शिवण माझी आहे. पोरीचा दोष नाही, भाऊ. असं बिननावाचं करून द्यायची चूक माझी."

काकांनी जुडी उलटीसुलटी करून पाहिली. आवाज चढवला नाही. "ताई, माझ्या बापाला शाळेत दाराबाहेर बसवायचे. आतला फळा जेवढा दिसेल तेवढ्यावर तो लिहायला शिकला. त्याच्यामुळं मी शिकलो, माझ्यामुळं ही. आणि ते अक्षर घेऊन माझ्या पोरीनं हे वाचायचं?"

मी दाराकडे बघायला लागले.

"तुमच्या वडिलांना आत बसू दिलं नाही," इंदूताई हळू म्हणाल्या, "त्यांच्या नातीनं आत बसायचं ना? आत बसलेल्या पोरी अभ्यास पण करतात आणि मौजेचं पण वाचतात. हिनंच तेवढं जन्मभर कामाचंच वाचायचं का?"

आतल्या खोलीत काही तरी हललं. वंदना पडद्यामागे उभी असणार. काकांनी जुडी उघडून एका ठिकाणी बोट ठेवलं.

"मौजेचं म्हणता. ही मुलगी बापाला नको नको ते बोलून रात्रीची घराबाहेर पडलीय. पुढं काय होतं तिचं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?"

"शेवट आम्ही सगळ्या मिळून वाचतो. त्याआधी मी पण वाचत नाही."

"म्हणजे काय वाढलंय ते न बघता तुम्ही पोरींच्या ताटात टाकता." ते कडवट हसले. "शेवट कुठंय?"

ताईंनी पिशवीतून जुडी काढली. काकांनी वंदनाला बाहेर बोलावलं, भिंतीशी बसायला सांगितलं. आई चौकटीत येऊन उभी राहिली. "वाचा," काका म्हणाले. "इथंच. सगळ्यांसमोर. ऐकू द्या आम्हाला पण."

इंदूताईंनी चष्मा लावला. मी त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसले होते, त्यामुळे पान मला दिसत होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. महाबळेश्वरचा बंगला, धुकं, नायकाचं मंद स्मित. आत्येबहिणीचा कावा उघडा पडतो. नायिकेच्या नेत्रांत अश्रू. एरवी या ठिकाणी आमच्यातली एखादी तरी खुदकन हसली असती. इथं ताईंचा आवाज आणि काकांच्या खुर्चीची करकर एवढंच. एका ठिकाणी नायक तिचा हात हातात घेतो. ताईंनी ते वाक्य न गाळता, न अडखळता वाचलं. वंदनाची मान गुडघ्यांत गेली. काका खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे कान कशाकडे लागले आहेत ते मला कळत होतं. ते त्या मुलीच्या बापाची वाट बघत होते.

पानं उलटत गेली, बाप येईना. लेखक त्याला साफ विसरला होता. उजव्या हाताच्या पानावर दोघं कड्याच्या टोकाशी उभे राहिले, सूर्य मावळला, आणि पानाच्या मध्यावर मला छापलेलं दिसलं: समाप्त. खाली अर्धं पान कोरं.

ताईंचा आवाज थांबला नाही. त्यांची नजर त्या कोऱ्या जागेवर होती आणि त्या वाचत होत्या, की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या फाटकाशी एक माणूस उभा होता. रात्रभर बसनं आल्यामुळे त्याचे कपडे चुरगळले होते. त्यानं तीन घरी विचारून हा पत्ता काढला होता. मुलगी फाटकाशी आली, पण तिला बोलता येईना. तो म्हणाला, "जेवलीस का?"

त्यांनी पान उलटलं. मागच्या पानावर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात होती, नावांची उभी यादी. ताई त्या यादीवरून डोळे फिरवत पुढे वाचत राहिल्या. मुलगी म्हणाली, "मी घर सोडलं, तुम्हाला नाही सोडलं." बाप म्हणाला, "मग ते मला सांगून जायचं होतं. मी स्टँडपर्यंत आलो असतो." आता स्मितही नव्हतं आणि नेत्रही नव्हते. त्या पुस्तकातली माणसं एकाएकी आपल्याकडच्यासारखी बोलायला लागली होती, आणि हे काकांच्या ध्यानात येईल अशी मला भीती वाटत होती. मुलगी आत जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन आली, इथं ताई थांबल्या. जुडी मिटली. "संपलं," म्हणाल्या.

मग काका म्हणाले, "असं होत नसतं ताई. कुठला बाप असा पत्ता विचारत जातो?"

"होत नाही म्हणून तर वाचतात पोरी."

काकांनी हात पुढे केला. "ठेवा इथं. मी एकदा नजरेखालून घालतो."

नाही म्हणायला जागाच नव्हती. ताईंनी जुडी त्यांच्या हातात दिली आणि आम्ही निघालो. वळणापर्यंत आलो. तिथं त्या कुंपणाला धरून उभ्या राहिल्या.

"तो वाचणार गं," त्या म्हणाल्या. "आता मी खोटारडी ठरणार, आणि पोरगी कायमची घरात."

मी विचारलं, मग असं का केलंत?

"बाप समोर बसला होता ना," त्या म्हणाल्या. "आणि पुस्तकात कुठं दिसेना."

रविवार कसा गेला ते मला आठवतं, कारण त्या दिवशी इंदूताईंनी ब्लाउजची बाही उलटी जोडली. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घरोघर जाऊन बाकीच्या जुड्या गोळा केल्या आणि पिशवीत भरल्या. मी दोनदा वंदनाच्या घरावरून चकरा मारल्या. दार बंद होतं. पेटी माळ्यावरून उतरली की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी मी नेहमीप्रमाणे कॉलेजसाठी सकाळच्या बसला गेले. इंदूताई आधीच थांब्यावर उभ्या. हातात तीच पिशवी, म्हणाल्या नाशिकरोडला भाजी घ्यायची आहे. भाजी त्या कधीच सोमवारी घेत नसत. कॉलनीच्या फाटकाकडे दोघींनीही उघडपणे बघितलं नाही. बस लांबून दिसायला लागली तरी कुणी आलं नाही.

मग पगारेकाका आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पेटी. मागे वंदना, वळकटी घेऊन. डोळे सुजलेले, पण वेणी घट्ट घातलेली. काकांनी पेटी खाली ठेवली आणि ते सरळ ताईंकडे आले. खिशातून आठवी जुडी काढून त्यांनी दिली.

"वाचली," ते म्हणाले. "त्यात बाप येतच नाही."

ताईंनी खाली मान घातली.

"मागचं जाहिरातीचं पान पण पाहिलं. रात्री हिला पण विचारलं, हे वाचून तुला खरंच घर सोडायचं होतं का. म्हणाली, आप्पा, मी तर फक्त पुढं काय होतं ते बघत होते." ते पेटी उचलायला वळले. "छापलाय त्यापेक्षा तुमचा शेवट बरा होता, ताई."

बस येऊन उभी राहिली. काकांनी पेटी वर चढवली, वंदनाला खिडकीची जागा धरायला सांगितलं, कंडक्टरशी वळकटीवरून हुज्जत घातली. एक पाय पायरीवर ठेवल्यावर ते परत वळले. इंदूताईंच्या पिशवीकडे बघत, बाकीच्या लोकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं, "मधल्या दोन आहेत का हो तुमच्याकडं, सहावी आणि सातवी? येताना मी एकटाच असणारे बसमध्ये."